मऊ चेंडू

एका जंगलाच्या कडेला, गोल्फच्या मैदानाला लागून असलेल्या बिळात दोन कोल्हे राहत असत. सख्खे भाऊ. आई गेल्यापासून थोरल्यानेच धाकट्याला वाढवले होते. मैदान रिकामे झाले की थोरला जाई आणि खेळायला चेंडू घेऊन येई. मुलांनो, गोल्फचे चेंडू लांबून सारखे दिसतात, पण सारखे नसतात. सरावाच्या चेंडूवर लाल पट्टा असतो. तो वरून दगडासारखा टणक. कितीही ठोका, फुटत नाही. असे चेंडू कुंपणापाशी कितीतरी पडलेले असतात, त्यांना कोणी विचारत नाही. सामन्याचा चेंडू मात्र पांढराशुभ्र आणि मऊ सालीचा, दात टेकवला की किंचित दबणारा. तो महाग असतो, म्हणून माणसे गवत चाळून चाळून तो शोधून नेतात.

थोरल्याकडे तळ्याकाठी सापडलेला एक मऊ चेंडू होता. धाकट्याकडे पट्ट्याचा. झोपताना थोरला आपल्या चेंडूवर हनुवटी टेकवी आणि ते पाहून धाकट्याच्या पोटात दुखे. बिळावरच्या झाडावर एक कावळा होता. तो रोज खाली बघून म्हणे, "काय रे, दादाला लोणी आणि तुला धोंडा?"

एक दिवस धाकट्याला राहवेना. "दादा, तुझा चेंडू मला दे."

"अरे वेड्या, तुझे दात सुईसारखे आहेत. दोन दिवसांत साल फाडशील. माझे दात झिजलेत, म्हणून माझ्याकडे टिकतो. तुझ्यासाठी टणकच बरा."

"बहाणे नकोत! चांगले ते तुला आणि उरलेले मला. आई असती तर तिने मलाच दिला असता."

थोरल्याने नाकाने चेंडू धाकट्याकडे सरकवला. दोन दिवसही लागले नाहीत. साल फाटली आणि आतला रबरी गोळा बाहेर आला. तरी धाकट्याची जळजळ थांबली नाही. उलट तो ओरडला, "मुद्दाम जुना दिलास मला! नवा आणून दे."

"नवा हवा तर खेळ चालू असताना जावे लागते, बाळा."

"घाबरला, घाबरला!" कावळा वरून म्हणाला. धाकटा हसला. थोरल्याने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि भर दुपारी तो मैदानात शिरला.

चेंडू भरकटला की माणसे मोठ्याने ओरडतात. ती ओरड ऐकली की गवतात अंग चपटे करायचे, हे थोरल्यानेच धाकट्याला शिकवले होते. धाकटा झुडपाआड वाट बघत बसला. थोड्याच वेळात थोरला उंच गवतातून परत येताना दिसला. त्याच्या तोंडात कोरा पांढरा चेंडू होता! धाकट्याला दुसरे काही सुचले नाही. "माझा, माझा!" म्हणत तो उघड्यावर धावला. तेवढ्यात पलीकडून ओरड झाली. थोरला चपटा झाला नाही. तो सरळ धावत आला आणि धाकट्याच्या अंगावर पडला. हवेतून आलेला चेंडू त्याच्या कानामागे लागला.

"दादा, ऊठ. माणसे येतील. ऊठ ना!" धाकटा त्याला नाकाने ढकलत राहिला. थोरला उठला नाही. त्याच्या तोंडातला चेंडू घरंगळत धाकट्याच्या पायाशी आला. त्यावर दाताची एक खूणही नव्हती. एवढ्या लांबून त्याने तो नुसता ओठांत धरून आणला होता.

माणसांची चाहूल लागली तसा धाकटा पळाला. तो चेंडू त्याने तिथेच सोडला. "काय रे, मिळाला का?" कावळ्याने विचारले. धाकट्याने वर पाहिलेही नाही. बिळात पट्ट्याचा टणक चेंडू पडला होता. धाकट्याने तो ओढून घेतला आणि त्यावर हनुवटी टेकवली, थोरला टेकवायचा तशी. बाजूची जागा मात्र त्याने रिकामीच ठेवली.

तात्पर्य : भावाकडे काय आहे ते बघत बसू नका, भाऊ आहे तोवर भावाकडे बघा.