धनेशाने न पाहिलेलं रान

माणसाची कुऱ्हाड अजून रानात शिरली नव्हती, तेव्हा एका बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं जोडपं राहत होतं. अंडी घालायची वेळ आली, तशी कुळाच्या रीतीप्रमाणे धनेशीण आत बसली आणि तिने चिखलाने दार लिंपून घेतलं. चोच निघेल एवढी फट तेवढी राहिली. आता पिल्लं मोठी होईपर्यंत घर धनेशाने चालवायचं होतं.

"त्यात काय एवढं!" म्हणत तो ऐटीत उंबरावर गेला आणि त्याची चोच उघडी ती उघडीच राहिली. झाडावर एकही फळ नव्हतं. तो घाईने वडाकडे उडाला, तर तिथे सगळी हिरवीच. दिवसभर भटकून तो रिकाम्या चोचीने परतला.

"अहो, मला भूक लागलीय," फटीतून आवाज आला.

"अगं, उंबराला झालं काय? काल तर आपण पोटभर खाल्लं!"

"तो ओढ्यापलीकडचा उंबर. हा केव्हाच संपला. मीच नाही का नेलं तुम्हाला?"

ज्या रानात जन्मभर उडाला, तेच धनेशाला परकं वाटू लागलं. मग त्याने हळूच विचारलं, "ओढा कुठल्या बाजूला गं?"

पुढच्या वर्षी धनेशीण ढोलीत शिरायला निघाली, तेव्हा तो दारातच आडवा बसला.

"थांब. आधी मला सगळं रान दाखव. तू पुढे, मी मागे."

"मागेच तर असता की!" ती हसली आणि उडाली.