चिखलाचे गोळे

त्या दिवशी सकाळपासून आभाळ मळकट होतं आणि वारा अगदी पडला होता. फार जुनी गोष्ट आहे. विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची दोन घरटी लटकत होती, दोघा भावांची. थोरल्या देवबाची वीण एवढी सुबक, की बाप शेजारच्या होला पक्ष्याला बोलावून बोलावून दाखवी. धाकट्या सोनबाचं घरटं बेढब, आणि आतून चिखलाचे गोळे थापलेले.

"एकाच आईची लेकरं, पण अक्कल बघा!" बाप म्हणे. "हा आमचा चिखल्या."

दुपारी वावटळ उठली. देवबाचं हलकं घरटं भिरभिरू लागलं. आतली तिन्ही अंडी घरंगळत तोंडाशी आली.

"सोनबा, धाव रे!" देवबा ओरडला.

सोनबा वाऱ्याशी झुंजत पाटातला चिखल चोचीनं आणत राहिला, दादाच्या घरट्यात थापत राहिला. घरटं जड झालं, हळूहळू थांबलं. अंडी वाचली.

"वीण तुझी होती म्हणून एवढा भार पेलला, दादा," सोनबा धापा टाकत म्हणाला.

बाप दोघांकडे बघतच राहिला. मग कौतुकानं हाक मारायला त्यानं चोच उघडली, "अरे चिख..."

शेजारचा होला हळूच म्हणाला, "आबा, आता तरी पोराला त्याच्या नावानं हाक मारा."