होडीवाल्याची तालीम

“…तेव्हा लवूला काढू की ठेवू, एवढंच सांगा.”

जयराममास्तर सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले.

“शनिवारी प्रयोग आहे, मास्तर.”

“मग काढ.”

उन्मेषला ‘काढ’ ऐकायचं नव्हतं आणि ‘ठेव’ही नव्हतं. आपलंच कसं बरोबर आहे, हे मास्तरांच्या तोंडून वदवून घ्यायला स्वारी आली होती. दिग्दर्शन तो शहरात शिकलेला, गाठीला बक्षिसं बांधलेली. पण कुठे अडलं की पाय मात्र मास्तरांच्या ओसरीकडे वळायचे.

“नाटक कुणी लिहिलंय?” मास्तरांनी विचारलं.

“कुणीच नाही. तालमीत सगळ्यांनी मिळून उभं केलंय. पूल होतो आणि खाडीतली होडी बंद पडते, त्याची गोष्ट. शेवटच्या फेरीचे उतारू उतरून जातात, होडीवाला एकटा उरतो. तो आमचा लवू. एकदा तालमीत तो थांबायचंच विसरला. रिकामी होडी वल्हवतच राहिला… मास्तर, आम्ही सगळे रडलो. मी तिथल्या तिथे सांगितलं, हाच आपला शेवट.”

“मग?”

“मग काय! आता रोज तेच करतो, पण त्यात जीव नाही. इथे मान उचल, इथे श्वास सोड, इथे इतका वेळ थांब… सगळं सांगितलं. सांगितलेलं सगळं करतोही. पण मेलं ते.”

मास्तरांनी अडकित्ता मिटला. “चल, बघू.”

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. होडी म्हणजे जोडून ठेवलेली दोन बाकं. वल्हं नव्हतंच, लवूचे नुसते हात. उतारू चढले, भांडले, एकीची कोंबडी सुटून खाडीत पडता पडता वाचली. सगळं झकास चाललं होतं. पण मास्तर तिकडे बघतच नव्हते. ते शेजारच्या खुर्चीतल्या उन्मेषकडे बघत होते.

उन्मेषला अवघडल्यासारखं झालं. “मास्तर, नाटक तिकडे आहे.”

“हो का?” मास्तर म्हणाले आणि तसेच बघत राहिले.

उतारू उतरले. लवू एकटा वल्हवू लागला. त्याने मान उचलली, श्वास सोडला. सगळं जिथल्या तिथे.

उन्मेष चडफडला. “बघितलंत?”

“बघितलं. पुन्हा कर म्हणावं.”

पुन्हा उतारू उतरले. या वेळी मास्तरांनी काही न बोलता उन्मेषचा उजवा हात आपल्या हातात घेतला. जत्रेत लहान पोराचा धरतात तसा, घट्ट.

उन्मेषला आधी हसू आलं. मग राग आला. मग त्याच्या लक्षात आलं, की त्या हाताचं बोट वळवळतंय. खुर्चीच्या दांडीवर ठेका धरायला धडपडतंय. रोज इथे बसून आपण लवूची शांतता बोटाने मोजत होतो, याचा त्याला आजवर पत्ताच नव्हता.

मान उचलायची वेळ झाली. लवूने ती उचलली नाही.

“विसरला…” उन्मेष पुटपुटला आणि उठायला गेला.

मास्तरांनी हात सोडला नाही.

लवूने एकदा चोरून इकडे पाहिलं. इकडून काहीच आलं नाही.

मग तो वाकला. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी ओंजळीने बाहेर टाकू लागला. उद्यापासून ही होडी कुठे जाणार नव्हती, तरी तो पाणी उपसत होता. उतारू बसून गेले ती फळी त्याने पंच्याने पुसली. मग परत वल्हं हातात घेतलं.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. कोंबडीवाल्या मुलीने डोळ्यांना ओढणी लावली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा उन्मेष नाटक बघत होता.

लवू समोर येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

“सॉरी, दादा. सगळं चुकलं.”

“काय झालं तुला?” उन्मेषने विचारलं.

“रोज तुमच्या बोटाची टकटक येते. आज आलीच नाही. म्हटलं, काढलं वाटतं दादांनी आपल्याला…” लवू आपल्या रिकाम्या हातांकडे बघत म्हणाला. “मग म्हटलं, जायचंच आहे तर होडी तरी नीट करून जाऊ.”

उन्मेषची मान खाली गेली. त्याला स्वतःची लाज वाटली.

“तुला कुणी काढत नाही रे,” तो म्हणाला.



मग उन्मेषने मान वर केली. डोळे चमकत होते. “मास्तर, हे आता असंच पक्कं करतो. आधी पाणी उपसायचं, मग फळी पुसायची, मग जरा थांबायचं… किती बरं थांबला तो?”

मास्तरांच्या मुठीत त्याचं बोट पुन्हा हलू लागलं होतं.

मास्तरांनी मुठीकडे पाहिलं. मग लवूकडे पाहिलं.

“उद्या तुझ्या या दादाला होडीत बसव,” ते लवूला म्हणाले. “आणि सगळे उतरतात तिथे यालाही उतरव.”