किल्लीवाल्याचं बिऱ्हाड

डोंगरातल्या एका चिमुकल्या राज्याचे त्र्यंबकराजे सकाळपासून पार गोंधळले होते. बलाढ्य मित्रराष्ट्राचा राजदूत समोर बसून सांगत होता, "आमचे दहा अणुबॉम्ब तुमच्या गडावर ठेवतो. तुमच्याच रक्षणासाठी! किल्ली मात्र आमच्या अध्यक्षांकडे राहील."

नको म्हणावं तर मैत्री तुटणार, हो म्हणावं तर शत्रूचा पहिला नेम गडावरच. राजांना काही सुचेना. त्यांनी दारूगोळ्याच्या जुन्या कोठाराची राखण करणाऱ्या भागाक्काकडे पाहिलं.

"ठेवा की!" भागाक्का म्हणाली. राजे आणखीच गोंधळले.

"फक्त गडाचा रिवाज पाळा. कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याचं बिऱ्हाड कोठाराच्या माडीवर. म्हणजे ठिणगीची काळजी आपोआप राहते. आमच्या चार पिढ्या तिथंच नांदल्या. अध्यक्षसाहेबांना म्हणावं, बायकामुलं घेऊन या. माडी मी आजच झाडूनपुसून ठेवते."

राजदूत ताडकन उठला. "वेड लागलंय का बाई? तिथं शत्रूचा बॉम्ब पडला तर?"

भागाक्का राजांकडे वळली. "घ्या महाराज! सकाळपासून तुमच्या ओठांवर अडलं होतं, ते पाहुण्यांनीच बोलून दाखवलं."