उलटा केलेला फ्रिज

"अक्का, अजून एकदा उलटा करून बघू का?" उन्मेषनं विचारलं.

ट्रेलरच्या आत, बंद दाराशी अक्का नुसत्या बसून होत्या.

उन्मेष परदेशातून डॉक्टर होऊन सातपुड्यात आला, तेव्हा त्यानं अक्कांच्या आश्रमात वाकून म्हटलं होतं, "मला शिष्य करून घ्या." अक्का हसल्या होत्या. "एवढा शिकून आलास! आता काय उरलंय?"

मग त्यानं जीपमागे ओढायचा ट्रेलर आणला. आत दवाखाना, आणि लस ठेवायला गॅसवर चालणारा फ्रिज. मागे इवलीशी ज्योत जळायची नि आत गारवा व्हायचा.

"चुलीवर बर्फ करतोस होय रे दादा?" पाड्यावरच्या जामलीबाईंनी विचारलं होतं, आणि सगळ्या बाया खो खो हसल्या होत्या.

सगळ्या पाड्यांना दिसावा म्हणून त्यानं ट्रेलर टेकाडाच्या उतारावर उभा केला. असा फ्रिज तिरका चालवायचा नसतो, हे त्या भरात त्याच्या डोक्यातून गेलं. तिरका चालून चालून तो आतून तुंबला.

आज सकाळी त्यानं गॅस तोडला, नळी सोडवली, स्क्रू काढले. अक्कांनी एक बाजू धरली. दोघांनी फ्रिज बाहेर ओढला, डोक्यावर उभा केला. आतलं तुंबलेलं कधी कधी असं सुटतं, असं त्यानं ऐकलं होतं. मग पुन्हा बसवला, ज्योत लावली.

दुपार झाली. आत हात घातला, तर हवा कोमट. लशीच्या बाटल्याही कोमट, म्हणजे लस निकामी.

बाहेर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. गेल्या साली गोवरानं या पाड्यांतली पोरं नेली. उन्मेष घरोघर हिंडला, हातापाया पडला, तेव्हा कुठे त्या पहिल्यांदा टेकाडावर आल्या होत्या.

"ए दादा!" जामलीबाईंनी दारावर थाप मारली. "झाला का तुझा बर्फ? पोर रडून रडून निळं पडलं!"

उन्मेषनं आवाज खाली आणला.

"अक्का... बाटल्या दिसायला तशाच आहेत. टोचल्या तर अपाय काही नाही. आज रिकाम्या हाती गेल्या तर संपलंच सगळं. पुढच्या महिन्यात नवी लस आणतो, पुन्हा टोचतो."

"आणि तोवर गोवर आला तर?"

उन्मेष पुन्हा फ्रिजमागे वाकून ज्योत बघू लागला.

"फ्रिज गार होईल?" अक्कांनी विचारलं.

"...नाही."

"केव्हा कळलं?"

"सकाळीच. खालची नळी पोळत होती आणि वरची थंडगार होती, म्हणजे आतलं कायमचं तुंबलेलं. तेव्हाच."

"बाहेर काढायच्या आधी?"

"हो."

"मग दिवसभर आपण काय दुरुस्त करत होतो?"

तो तसाच फ्रिजला पाठ लावून खाली बसला. हातातला पाना त्याला ठेववेना.

अक्का उठल्या. फ्रिजमागे वाकून त्यांनी कळ फिरवली. ज्योत विझली. मग त्यांनी दाराची कडी काढली. ऊन आत आलं, आणि लेकरांचं रडणं.

"अक्का, थांबा... खरं सांगितलं, तर त्या पुन्हा कधीच येणार नाहीत."

"नाही येणार," अक्का म्हणाल्या. "ऊठ."