कपाळानं दिलेलं नाक

“तू ग्रंथ वाचला आहेस का?”

“न्हाई. मला अक्षर येत न्हाई.”

“मग कापलेली नाकं नवी करतोस, ती कशाच्या आधारावर?”

“बापानं शिकवलं. त्याला त्याच्या बापानं.”

एवढं बोलून सटवाजी कुंभार पुन्हा चिखल तुडवू लागला.

विचारणारे होते नाशिकचे अनंतभट वैद्य. वय तिशीचं. वैद्यकाचा अख्खा ग्रंथ त्यांना तोंडपाठ होता, आणि ग्रंथ पाठ असला की माणसाचं नाक आपोआप थोडं वर जातं.

त्यांच्यामागे तोंडाला उपरणं गुंडाळून एक माणूस बसला होता. लिंबाजी त्याचं नाव. फौजेला धान्य पोचवणारा बैलवाला. म्हैसूरच्या मोहिमेत तो शत्रूच्या हाती सापडला, आणि त्यांनी त्याचं नाक कापून त्याला सोडून दिलं.

त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून लिंबाजी घरी गेला नव्हता. बायकोनं दोनदा निरोप धाडला होता, आहात तसे या. हा गेला नाही.

तो आधी अनंतभटांकडेच आला होता. भटांनी त्याला ऐटीत सांगितलं, नवं नाक करता येतं, ग्रंथात लिहिलेलं आहे.

“मग करा की,” लिंबाजी म्हणाला होता.

...भटांचा हात वस्तऱ्यापर्यंत गेलाच नाही.

पुण्याजवळच्या गावात एक कुंभार हे काम करतो, असं कानावर आलं म्हणून दोघं इथवर चालत आले. वाटेत भट सांगत होते, कुंभाराचं काम शास्त्राला धरून आहे की नाही ते तपासायला चाललोय. लिंबाजीनं मान डोलावली. भला माणूस होता.

“ग्रंथात काय लिवलंय?” सटवाजीनं विचारलं.

अनंतभटांनी छाती भरून घेतली आणि श्लोक म्हटले. मग अर्थ सांगितला. झाडाचं पान घ्यावं, नाकाएवढं कापावं, त्या मापाचं कातडं गालावरून काढावं, पण एका बाजूनं जोडलेलं राहू द्यावं...

सटवाजीचे पाय चिखलात थांबले.

तो बाहेर आला. हातपाय धुतले. डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि हात जोडून भटांच्या समोर उभा राहिला.

“पुन्यांदा सांगा.”

भटांनी पुन्हा सांगितलं.

“एका बाजूनं जोडलेलं ऱ्हाऊ द्यावं... असं लिवलंय?”

“असंच.”

“किती जुनं हाय हे?”

“हजार वर्षांहून जुनं.”

सटवाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“मला वाटायचं आमचा पणजाच पयला. त्याच्या मागं कोन व्हतं ते ठावंच नव्हतं, वैद्यबुवा. लई उपकार झालं.”

त्यानं वाकून भटांच्या पायांना हात लावला. भटांनी ते सवयीनं करून घेतलं.

“तुमच्या पाया न्हाई पडलो,” उठत सटवाजी म्हणाला. “त्यांच्या पडलो. ते हितं न्हाईत, म्हनून तुमच्या.”

भटांनी पाय मागे घेतले. मग त्यांनी चूक काढली. “पण तू तर कपाळावरचं कातडं घेतोस म्हणे. ग्रंथात गाल आहे.”

“गालावरचं कुनाचं तरी फसलं आसंल.”

“आणि मग?”

“मग करनारा रडला आसंल. मग कपाळाकडं बघितलं आसंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजीनं लिंबाजीला खाटेवर निजवलं. मेणाचा एक गोळा त्यानं भटांच्या हातात दिला.

“करा नाक.”

भटांनी मन लावून केलं. सरळ, धारदार, देवळातल्या मूर्तीला शोभेल असं. सटवाजीनं बराच वेळ पाहून ते वाखाणलं. मग मेण दाबून सपाट केलं आणि लिंबाजीच्या कपाळावर ठेवलं.

“आखा.”

भटांनी मेणाच्या अगदी कडेकडेनं काजळाची रेघ ओढली. केसभरही चूक नाही.

सटवाजीनं अंगठ्यानं रेघ पुसून टाकली.

“काय झालं? माप बरोबर होतं!”

“व्हय. बरोबर व्हतं.” त्यानं अंगणात वाळणाऱ्या मडक्यांकडे बोट केलं. “ते भाजल्यावर केवढं ऱ्हाईल?”

“...लहान होईल.”

“कातडं बी आक्रसतं.”

त्यानं रेघ चारी बाजूंनी थोडी बाहेरून ओढली.

अनंतभट त्या रेघेकडे पाहत राहिले. आपण वस्तरा धरला असता, तर या माणसाला मापात चोख आणि तोंडावर तोकडं नाक दिलं असतं.

“ग्रंथात हे नाही,” ते हळूच म्हणाले.

“लिवनाऱ्यानं मडकी केली नसतील. तुमी लिवा.”

बाकीचं सांगायला सोपं आहे, सोसायला नव्हतं. लिंबाजीनं दातांत फडकं धरलं. भटांनी त्याचं डोकं धरलं. सटवाजीनं कपाळाचं कातडं सोडवलं, भुवयांमध्ये बोटभर पट्टी जोडलेली राखली, तिथून ते पिळून खाली वळवलं आणि जुन्या नाकाच्या कडांना बसवलं. वर काताचा लेप आणि चिंध्या.

पाच दिवस चिंध्यांना कुणी हात लावला नाही. सहाव्या दिवशी सटवाजीनं चिंधी उचलली आणि भटांचं बोट धरून त्या कातड्यावर टेकवलं.

ऊबदार होतं.

भट तिथंच राहिले. सकाळी चिखल तुडवायचा, दुपारी लेप बदलायचा. नाशिकच्या वैद्याला गुडघाभर चिखलात बघायला गाव येऊन जाई आणि नाक मुरडून परत जाई.

पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची होती. नाक खरंच जगलं की नाही, ते त्यानंतर कळणार. सटवाजीनं वस्तरा भटांच्या हातात ठेवला.

भटांनी वस्तरा धरला... आणि खाली ठेवला.

“माझा हात थरथरतो,” ते म्हणाले. “तिकडे नाशिकलाही थरथरला. म्हणून इथे आलो. तपासायला वगैरे नाही आलो.”

“मला ठावं हाय,” खाटेवरून लिंबाजी म्हणाला.

“माजा बी थरथरतोय,” सटवाजी म्हणाला. “तीस वर्सं झाली.”

“मग करता कसं?”

अरे-तुरे कधी गळून पडलं, ते भटांनाही कळलं नव्हतं.

“थरथर थांबल्यावर वस्तरा सोडायचा, आसं बापानं सांगितलंय. आजून थांबली न्हाई.”

भटांनी वस्तरा उचलला. पट्टी कापली. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ते दर घटकेला नव्या नाकाला बोट लावून बघत होते. शेवटी लिंबाजी वैतागला. “वैद्यबुवा, आता माजं मला ऱ्हाऊ द्या की!”

नाक ऊबदारच राहिलं.

चौथ्या दिवशी लिंबाजी घरी गेला. उपरणं त्यानं खांद्यावर टाकलं होतं.

सहा-सात महिन्यांनी, पौषात, तो परत आला. बरोबर बायको होती, आणि डोक्यावर गुळाची ढेप. बायको सटवाजीसमोर बसली. तिला बोलायचं होतं पुष्कळ, पण ती नुसती नवऱ्याकडे बघायची, मग सटवाजीकडे, आणि पदरानं डोळे पुसायची.

“घराला मानूस आलं, बाबा,” एवढंच शेवटी म्हणाली.

अजून तिथंच राहणारे भटही चिखलाचे हात घेऊन येऊन बसले. या अंगणाचे उपकार कसे फेडायचे, हे त्यांना कळत नव्हतं, आणि फेडावेत असंही वाटत नव्हतं.

सटवाजीनं ढेप फोडली. गुळावर माशा आल्या. त्यातली एक उडून लिंबाजीच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

लिंबाजीनं झटकन हात उचलला आणि कपाळ खाजवलं.

माशी नाकावरच.

बायको खुदकन हसली. “रोज आसंच करतात बगा. नाकाला काय बी झालं, की कपाळाला हात.”

भटांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. ते पुढे सरकले, लिंबाजीचं नाक चाचपलं, पुन्हा कपाळ चाचपलं.

“सटवाजीबाबा, याचं अजून चुकतंय. हे कातडं अजून स्वतःला कपाळच समजतंय.”

“व्हय.”

“ग्रंथात यावर काही नाही. कधी सुटेल हे?”

सटवाजीनं गुळाचा खडा तोंडात टाकला. सावकाश चघळला.

“सुटायची घाई कशाला, भटजी? कुनी दिलं ते इसरायला मानसाला एक दीस पुरतो... नाकाला पुरत न्हाई, तर ऱ्हाऊ द्या की.”