वांग्याच्या वाकड्या ओळी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. नदीकाठी एक गाव होतं आणि गावाच्या शिवेवर एक मळा होता. तो कुणा एकाचा नव्हता. ज्यांचे हात नांगराला पुरेनासे झाले, त्यांनी मळ्यात यायचं, अशी गावची रीत होती. म्हाताऱ्यांचे गुडघे कुरकुरत, पण मळ्यात तणाची काडी सापडत नसे.

त्यांतल्या एका आजीची दोन्ही मुलं राजधानीला गेली ती तिकडचीच झाली होती. घरात बोलायला मांजर तेवढं उरलं होतं, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं. वर्षातून एकदा, थंडी पडली की, पाठशाळेचे गुरुजी पोरांना मळा दाखवायला आणत. पोरं पेरू खात, कलकलाट करत आणि दुपारी निघून जात. मग मळा इतका सुना होई, की आजीला तिथं बसवत नसे.

एके वर्षी वांग्याची रोपं लावायची राहिली होती. आम्ही लावतो, असा पोरांनी हट्ट धरला. म्हातारे नको नको म्हणत होते, पण आजीनं त्यांना गप्प केलं. पोरांनी चिखल तुडवला, रोपं खोचली, आणि ओळी अशा झाल्या की बघून बैलानं हसावं.

निघताना एका चिमुरडीनं आजीचा पदर धरला. "आजी, ते कोपऱ्यातलं माझं आहे हं. मी उद्या बघायला येते."

उद्या येते, असं आजीला कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तिचा जीव सुपाएवढा झाला.

पोरं येणार, तर वाफा देखणा दिसायला हवा, असं तिला वाटलं. बाकीच्यांचे हात शिवशिवत होतेच. ऊन उतरताच सगळ्यांनी रोपं उपटली आणि दोरी धरून पुन्हा सरळ रेषेत लावली. सगळ्यांत जास्त आजीनंच लावली.

दुसऱ्या दिवशी चिमुरडी मैत्रिणींना घेऊन आली. कोपऱ्यात उभी राहून तिनं विचारलं, माझं कुठं गेलं? आजीनं कौतुकानं ओळी दाखवल्या. म्हणाली, यातलंच एखादं असेल, बघ कसं छान दिसतंय. मुलीनं दोरीसारख्या सरळ ओळींवरून नजर फिरवली.

"ही तर तुमची आहेत," ती म्हणाली.

पोरी गेल्या त्या फिरकल्या नाहीत. वांगी उदंड आली. आजीला त्यांतलं एकही गोड लागलं नाही. वर्षभर ती खुरपता खुरपता वाटेकडे बघायची, आणि वाटेवरून फक्त वारा यायचा.

पुढच्या थंडीत गुरुजी पोरांना घेऊन आले. चिमुरडीही होती, पण मागे मागे. आजीनं रोपं तिच्यापुढे धरली आणि बांधावर जाऊन बसली. ओळी पुन्हा वाकड्याच झाल्या. पोरं गेल्यावर एक म्हातारा दोरी घेऊन उठला. म्हणाला, एवढं नीट करतो, नाहीतर निम्मी मरतील.

"मरू देत," आजी म्हणाली. "मेली तरी त्यांची मरतील. हात लावायचा नाही."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी मळ्यात आली. ऊन वर आलं, दव वाळलं, वाटेवर कुणी नव्हतं. एकदा दुखावलेलं पोर कशाला येतंय, असं म्हणून ती उठायला लागली. तेवढ्यात चिमुरडी धावत आली आणि सरळ आपल्या रोपापाशी गेली. रोपानं मान टाकली होती. तिनं त्याच्याभोवती माती ओढली आणि मान वर न करताच विचारलं,

"आजी, पाणी कुठंय?"

त्या वर्षी वांगी निम्मीच आली, पण मळ्यात रोज कलकलाट होता.

लेकरांनी परत यावं असं वाटत असेल, तर त्यांच्या हातचं वाकडं वाकडंच राहू द्यावं.